रावसाहेब मंडलिक : दुसऱ्या मुरुडचे एक कायदेकर्ते

नागरिकशास्त्राच्या तासास एकदा जुन्या कायदेकौन्सिलाची माहिती सांगत असता "मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक" असा उल्लेख माझ्या तोंडून झाला. त्यासरशी मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने विचारले, "सर, ते आपल्या गावचे होते काय?" वर्गात हशा पिकला, पण प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. महाराष्ट्रात मुरुड नावाची तीन गावे लोकांस ठाऊक आहेत. एक रायगड जिल्ह्यातील, जंजिरा किल्ल्यासमोरचे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील, समुद्राच्या अगदी काठचे. आणि तिसरे हे आपले, लातूर-बार्शी रस्त्यावरचे. मंडलिक दुसऱ्या मुरुडचे. तथापि त्या मुलाची निराशा होऊ नये म्हणून मी त्यास म्हटले की, गाव आपले नसले तरी त्यांच्या आयुष्याचे धागे आपल्या मराठवाड्यापर्यंत आलेले आहेत, ते तुला पुढे दाखवीन. ते वचन येथे पुरे करीत आहे.

मंडलिकांचा जन्म ८ मार्च १८३३ रोजी झाला. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, १८३४ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात एक पंचवीस वर्षांचा तरुण तेथील कायदेमंडळात निवडून आला. अब्राहाम लिंकन हे त्याचे नाव. १८३२ साली तो एकदा पडला होता. दुसऱ्या खेपेस निवडून आल्यावर राजधानीस जाण्याजोगा पोशाख अंगावर नव्हता, म्हणून त्याने ओळखीच्या माणसाकडून पैसे उसने घेऊन कपडे शिवविले, असे त्याच्या चरित्रात सांगतात. १८४२ पर्यंत तो त्या सभेत राहिला. तेथे त्यास कोणी धाडले? आसपासच्या शेतकऱ्यांनी, लोहारांनी, दुकानदारांनी. अर्थात हेही विसरता कामा नये की, मत देण्याचा तो हक्क केवळ गोऱ्या पुरुषांसच होता. काळ्या माणसांस नव्हता आणि कोणत्याही वर्णाच्या स्त्रीस नव्हता.

मंडलिकांस मात्र कौन्सिलात कोणीही निवडून दिले नाही. त्यांस सरकारने नेमिले. ह्या एका फरकात त्या काळचे सारे राजकारण सामावले आहे. म्हणून ती व्यवस्था काय होती ते आधी सांगतो.

सन १८५७ च्या बंडानंतर कंपनीचे राज्य संपून कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. लोकांच्या मनात काय चालले आहे ह्याची वार्ताही न घेता कायदे करीत राहिल्यास काय होते, ते राज्यकर्त्यांनी पाहिले होते. सन १८६१ मध्ये पार्लमेंटाने एक कायदा करून मुंबईच्या गव्हर्नरास कायदे करण्यापुरते आपल्या कौन्सिलात चार ते आठ जादा सभासद घेण्याची मुभा दिली. त्यांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असावेत आणि प्रत्येकाची मुदत दोन वर्षांची असावी, असा नियम होता. सन १८६२ मध्ये हे कौन्सिल भरू लागले. प्रारंभीच्या सभासदांत नामदार जगन्नाथ शंकरशेट होते. परंतु सभासदांच्या हाती सत्ता म्हणाल तर फार थोडी. समोर जो मसुदा असेल त्यावरच बोलावयाचे. कारभाराविषयी प्रश्न विचारण्याची सोय नाही, जमाखर्चावर चर्चा नाही. सरकारी बाजूची मते नेहमीच अधिक, तेव्हा हार होण्याची भीती सरकारास नव्हतीच. प्रश्न विचारण्याचा हक्क पुढे १८९२ च्या कायद्याने आला, आणि तोही पुष्कळ अटींनी बांधलेला. वादविवाद सारा इंग्रजीत. ज्या रयतेच्या शेतावर, घरावर आणि वारशावर तो कायदा लागू व्हावयाचा, तिला त्यातील एक शब्द कळण्याची शक्यता नव्हती.

अशा सभेत बसून एखादा मनुष्य करील तरी काय? हा प्रश्न मनात ठेवून मंडलिकांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे ते फार बोधक वाटते.

त्यांचे शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, त्यापूर्वीच त्यांचे विद्यार्थिजीवन संपले होते. म्हणून त्यांच्या नावापुढे कोणतीही पदवी दिसत नाही. पुढे ज्या विद्यापीठाच्या कारभारात त्यांनी मानाने भाग घेतला, त्याची परीक्षा त्यांनी कधी दिलीच नव्हती. प्रथम काही वर्षे निरनिराळ्या खात्यांत सरकारी नोकरी केली. मग ती सोडून ते वकिलीकडे वळले. मुंबईचे हायकोर्ट १८६२ मध्ये स्थापन झाले. तेथे दोन बाजू होत्या. खुद्द मुंबई शहरातील दावे चालत त्या बाजूस विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचे राज्य; आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिले येत त्या बाजूस देशी वकिलांस वाव. मंडलिक ह्या दुसऱ्या बाजूचे. त्यांच्याकडे येणारी भांडणे म्हणजे दत्तकविधान, वाटणी, विधवेची पोटगी, देवस्थानचे इनाम, बांधाचा तंटा अशी, थोडक्यात घराघरांतली आणि गावागावांतली. सरकारी वकिलाचे कामही पुढे त्यांच्याकडे आले.

वकिलीच्या जोडीस १८६४ साली त्यांनी 'नेटिव ओपिनियन' नावाचे इंग्रजी-मराठी साप्ताहिक काढले. कौन्सिलात लोकांचे म्हणणे मांडण्यास वाट नव्हती, ती त्यांनी आधी छापखान्यातून काढली, असे म्हणता येईल. वर्तमानपत्रांची तेव्हा सरकारास किती धास्ती वाटे, ह्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सन १८७८ मध्ये देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलाने एकाच बैठकीत संमत केला! सकाळी मसुदा, सायंकाळी कायदा. १८८२ साली तो रद्द झाला, ही गोष्ट निराळी.

मुंबईच्या कौन्सिलावर मंडलिकांची नेमणूक १८७४ साली झाली आणि ती मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली. शहराच्या म्युनिसिपालिटीतही ते वजनदार सभासद होते आणि काही काळ तिचे अध्यक्षही झाले. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सन १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपालिटीत चौसष्ट सभासद ठेविले, आणि त्यांतील निम्मे करदात्या नागरिकांनी निवडावे असे ठरले. म्हणजे मत टाकून आपला माणूस पाठविण्याचा धडा आपल्या लोकांनी प्रथम गटारे, दिवे आणि नळाचे पाणी ह्या प्रश्नांवर गिरविला. प्रांताच्या कायद्यांपर्यंत तो पोहोचण्यास फार वर्षे लागली.

आता मी अशा प्रसंगाकडे येतो की, ज्याविषयी चरित्रकार बहुधा घाईने बोलून मोकळे होतात. मला मात्र तोच विशेष महत्त्वाचा वाटतो.

कोकणात खोती नावाची पद्धत होती. गावचा सारा खोताने वसूल करावयाचा, सरकारचा ठराविक हिस्सा भरावयाचा आणि उरलेले आपल्या पदरी घालावयाचे. जमीन कसणारे कूळ आणि खोत ह्यांच्यात जमीन कोणाची आणि खंड किती, हा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. खोताच्या घरी वेठीस राबणे, पीक खळ्यावर असतानाच त्याचा वाटा मोजून देणे, ह्या गोष्टी कुळाच्या अंगवळणी पडलेल्या. सन १८८० मध्ये मुंबई कौन्सिलाने खोतीविषयी कायदा केला आणि जुन्या वहिवाटीच्या कुळांच्या हक्कांस काही आधार दिला. ह्या प्रश्नात मंडलिकांची सारी विद्वत्ता खोतांच्या हक्कांच्या बाजूस उभी राहिली. ते कोकणातलेच, ज्या थरात ते वाढले त्या थराचे म्हणणे त्यांस जन्मापासून ऐकून ठाऊक. सरकारने सनदांनी आणि वहिवाटीने मान्य केलेला हक्क मोडू नये, हा त्यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने पोकळ नव्हता. पण त्या दालनात खोतांची बाजू मांडण्यास एवढा मोठा पंडित होता. कुळाची बाजू सांगावयास कूळ नव्हते. कुळासाठी जे काही बोलावयाचे ते साहेब लोकांनी, आपल्या साऱ्याच्या हिशेबावर नजर ठेवून!

ह्यात मंडलिकांस दोष द्यावा की व्यवस्थेस? माझ्या मते दोघांसही थोडा द्यावा लागेल. पण व्यवस्थेस अधिक. नेमलेला सभासद कितीही प्रामाणिक असला तरी तो ज्या ओटीवर वाढला तेथूनच जगाकडे पाहतो. पुढे १९३७ साली मुंबईच्या निवडून आलेल्या विधानसभेत डॉ. भीमराव आंबेडकरांनी खोती नाहीशी करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईस आले. ह्या आंबेडकरांच्या बालपणाची काही वर्षे त्याच दापोलीत गेली होती, जिच्या तालुक्यात मंडलिकांचे मुरुड आहे. ते विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आपल्याकडे कुळांस संरक्षण देणारा हैदराबादचा कायदा १९५० चा. ज्या पालकांच्या घरी त्या कायद्याने जमीन आली, त्यांस कायदेमंडळात आपला माणूस असण्याचे मोल मी सांगण्याची गरज नाही.

मंडलिकांचे खरे सामर्थ्य ग्रंथांत होते, आणि आता मी त्या विद्यार्थ्यास दिलेल्या वचनाकडे वळतो. हायकोर्टात हिंदूंच्या वारशाचा खटला निघाला की न्यायाधीश विचारीत, शास्त्र काय म्हणते? न्यायाधीश इंग्रज, शास्त्र संस्कृतात. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण ह्या भागांत 'व्यवहारमयूख' नावाच्या ग्रंथास मोठा मान होता. त्याचे इंग्रजी भाषांतर बोराडेल साहेबाने १८२७ साली केलेले होते, तेच पुढे ठेवून निवाडे होत. एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर एखाद्या विधवेचे घर जावे, अशी स्थिती. मंडलिकांनी मूळ संस्कृत संहिता आणि नवे भाषांतर, त्यास याज्ञवल्क्यस्मृतीची जोड आणि आपल्या लोकांच्या रूढींविषयी विस्तृत टिपा असा थोर ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध केला. पुढे १८८६ मध्ये मनुस्मृतीही अनेक जुन्या टीकांसह त्यांनी छापून काढली. खटले, कौन्सिल, म्युनिसिपालिटी हे सारे सांभाळून एका माणसाने हे केव्हा केले असेल, असा विचार मनात येतो. आमच्यासारख्या शिक्षकांस चार वह्या तपासावयाच्या तर रात्र पुरत नाही!

आता ह्या व्यवहारमयूखाचा कर्ता कोण? सतराव्या शतकातील काशीचे पंडित नीलकंठ भट्ट. आणि हे भट्ट घराणे मूळचे कोठले? आपल्या पैठणचे! नीलकंठांचे पणजोबा रामेश्वर भट्ट पैठणहून काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण, नारायणांचे शंकर आणि शंकरांचे नीलकंठ. म्हणजे गोदेकाठच्या एका घराण्याची विद्या काशीस गेली, आणि तिच्यातून झालेल्या ग्रंथावरून दोनशे वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात निवाडे होऊ लागले. शिवाय मंडलिकांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात शालिवाहन आणि त्याच्या नावाने चालत आलेली प्राकृत सप्तशती ह्यांवर निबंध लिहिला. शालिवाहन म्हणजे पुन्हा पैठणच.

ह्या मयूखात एक गोष्ट अशी आहे की, तिच्याकडे आमच्या शाळेतील मुलींनी अवश्य लक्ष द्यावे. निपुत्रिक मेलेल्या भावाचे जवळचे वारस कोणी नसतील तर आजीच्या मागोमाग बहिणीचा हक्क येतो, असे नीलकंठांनी म्हटले. अन्य प्रांतांत प्रमाण मानलेल्या ग्रंथांच्या अर्थात बहिणीस हे स्थान सहसा मिळत नसे. मुंबई इलाख्यात ते मिळाले. पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथे गणना पुस्तकातील सलाफहादाच्या पाच मुलींची आठवण होईल. बाप मेला, भाऊ नाही, तर बापाचे वतन आम्हांस का मिळू नये, असे त्यांनी मोशेसमोर सर्व मंडळीदेखत विचारले, आणि परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. कायदा बदलावा म्हणून स्त्रियांनी स्वतः उभे राहून केलेल्या मागण्यांपैकी ही फार प्राचीन होय. आपल्या देशात मुलीस बापाच्या मिळकतीत वारसा देणारा कायदा १९५६ साली झाला. वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि सर्व देशाने २००५ साली दिला.

असो. सन १८८४ मध्ये मंडलिकांची नेमणूक व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कौन्सिलात झाली. हिवाळ्यात कलकत्ता, उन्हाळ्यात सिमला, असा त्या सभेचा मुक्काम फिरे. मुंबईहून कलकत्त्यास आगगाडीने जाण्याचा मार्ग १८७० पासून सलग झालेला होता, म्हणून हे शक्य झाले. बंगालचा १८८५ चा कुळांविषयीचा कायदा, १८८६ चा प्राप्तीवरील कराचा कायदा हे त्याच काळातले. कोकणच्या किनाऱ्यावरील एका खेड्यातील मुलगा साऱ्या हिंदुस्थानचे कायदे जेथे होत तेथे जाऊन बसला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आपल्या निजामी मुलखात तर कायदे करण्यासाठी वेगळे कौन्सिल १८९३ साली प्रथम स्थापन झाले, आणि सामान्य रयतेस मत टाकण्याचा योग आला तो १९५२ साली!

त्याच १८८४ साली बेहरामजी मलबारी ह्या पारशी गृहस्थाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य ह्यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध करून सरकारने कायद्याने हात घालावा अशी मागणी केली. देशभर वाद पेटला. मंडलिकांनी ह्या मागणीस विरोध केला. समाजाची सुधारणा समाजातून व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने होऊ नये, असे त्यांचे मत. हे मत त्या वेळी पुष्कळ थोर माणसांचे होते आणि त्यामागे स्वाभिमान होता हे मी मान्य करतो. परंतु समाज सुधारेपर्यंत दहा वर्षांच्या मुलीने काय करावे, ह्याचे उत्तर त्या मतात मला सापडत नाही. वर्गात मुलींच्या ओळी समोर बसलेल्या असताना तो धडा शिकविणाऱ्या मनुष्यास तटस्थ राहणे जमत नाही, एवढेच म्हणतो. मंडलिकांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. मोठी झुंज झाली, ती एवढ्या दोन वर्षांसाठी!

मंडलिक ९ मे १८८९ रोजी वारले. त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, ११ मार्च १८८९ रोजी, त्याच मुंबईत पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदासदन उघडले. बाई नुकत्याच अमेरिकेहून परतल्या होत्या. तेथील राज्यव्यवस्था, शाळा आणि स्त्रियांची स्थिती ह्यांचे वर्णन करणारे त्यांचे मराठी पुस्तक त्याच वर्षी निघाले. ज्या देशातील कायदेमंडळांस लोक आपली माणसे निवडून पाठवितात, त्या देशाची हकीकत एका मराठी स्त्रीने मराठी वाचकांस सांगितली, तीही ज्या वर्षी आपल्याकडे नेमलेल्या सभासदांच्या पिढीतील हा मोठा पुरुष गेला त्याच वर्षी.

शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक मुलगी होती. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांनी तिच्याशी विवाह केला. हे कर्वेही त्याच मुरुडचे! लहानपणी परीक्षा देण्यासाठी मुरुडहून पायी डोंगर ओलांडून ते साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यांस परत पाठविले, ही गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. पुनर्विवाह करून ते गावी आले तेव्हा गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांस वाळीत टाकिले. ज्या बैठकीत कर्वे असतील तेथे कोणी बसू नये. ते भावाच्या घरी उतरले तर भावावरही बहिष्कार. स्वतःच्या गावी आणि स्वतःच्या घरी राहण्याची त्यांस चोरी झाली. त्या ठरावास कौन्सिल लागले नाही, गव्हर्नराची संमती लागली नाही, आणि अंमल मात्र सरकारी कायद्यापेक्षा कडक झाला.

मंडलिकांचा ग्रंथसंग्रह पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयास मिळाला. त्याच महाविद्यालयात धोंडो केशव कर्वे गणित शिकवीत होते.